रक्तात न सुटणारं सिमेंट

पोरगी सिमेंटवर पीएचडी करायलीय म्हटल्यावर पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतल्या बायकांनी माझ्या मायला विचारलं होतं, "म्हंजे पूल बांधनार का वो ती?"

"घराचं शिमेट न्हाई," माय सांगायची, "हाडाचं हाय. मोडक्या हाडात भरतेत."

बायकांचा विश्वास बसायचा नाही, पण माय एवढ्या ठामपणे सांगायची की कुणी पुढं विचारायचं नाही.

वडील रेल्वेत गँगमन होते. रुळाखालची गिट्टी ओढता ओढता त्यांची कंबर गेली आणि मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना तेही गेले. त्यांच्या जागेवर मायला स्टेशनातल्या ऑफिसात शिपायाचं काम लागलं. ती चौथी शिकलेली. ऑफिसातल्या बाबूंना पाणी देता देता तिनं माझं एमएस्सी पार पाडलं. मला फेलोशिप मिळाली आणि लांबच्या शहरातल्या विद्यापीठात प्रवेश झाला, तेव्हा तिनं पेढे वाटले नाहीत. विहारात जाऊन गुपचूप बसली, आणि घरी आल्यावर म्हणाली, "जा. पर तिकडं कुनाचं ऐकून घेऊ नकोस."

मी ऐकून घेतलं. पहिल्या दिवसापासून घेतलं.

माझ्या गाईड सरांनी आधी माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग वडील काय करायचे ते विचारलं, आणि एवढं सगळं झाल्यावर विषय विचारला. "फेलोशिप आहे ना? मग बरंय. तुम्हा लोकांचं बरं असतं," असं म्हणून ते हसले. मीही हसले. त्यांच्या बोलण्याचा राग पुढं पुढं बोथट झाला, पण माझ्या त्या हसण्याचा राग अजून जात नाही.

माझं काम काय होतं ते नीट सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हाड चेचलं किंवा आत दबलं की मध्ये पोकळी पडते. ती भरायला एक पांढरी भुकटी असते. कॅल्शियम आणि फॉस्फेट, म्हणजे हाडात जे आधीपासून असतं तेच. ती भुकटी एका क्षाराच्या पाण्यात कालवली की भिजवलेल्या कणकेसारखा लगदा होतो. तो हाडाच्या पोकळीत भरायचा आणि थांबायचं. थोड्या वेळात तो आवळतो, आणि पुढं दिवसभर, कधी त्याहून जास्त, आतल्या आत घट्ट होत राहतो. लोकांना वाटतं तो वाळतो. वाळत नाही. पाण्यात बुडवून ठेवला तरी घट्ट होतोच. आत काय चालतं, तर भुकटीचे कण पाण्यात विरघळायला लागतात. विरघळता विरघळता पाणी भरून जातं, आणखी घेईनासं होतं. मग त्याच पाण्यातून नवे स्फटिक बाहेर पडायला लागतात, सुयांसारखे, पापुद्र्यांसारखे, आणि ते हाडातल्या खनिजाच्याच जातीचे असतात. आमच्याकडं वावराच्या कडेला बाभळीच्या फांद्या एकमेकींत अडकवून कुंपण घालतात ना, तशा त्या सुया एकमेकींत घुसतात. एक फांदी ओढली तर सगळं कुंपण हलतं पण सुटत नाही, तसं. हे होत असताना लगद्याला हात लावायचा नाही. अर्धवट अडकलेल्या सुया मोडल्या तर परत तशा जुळत नाहीत, आणि वरून दगडासारखं दिसणारं ते आतून कच्चं राहतं.

भुकटी आम्हीच करायचो. बाराशे अंशांच्या वर भट्टी न्यायची, आतली लालबुंद मूस, म्हणजे भुकटीचं भांडं, चिमट्यानं काढायची आणि झटक्यात गार करायची. भुकटी हळू गार झाली की तिचं रूप बदलतं आणि मग ती कितीही कालवा, आवळत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. तीन महिने माझा लगदा घट्टच होईना, तेव्हा मी रडत रडत शोधून काढलं. गार झालेली भुकटी दळायची, काचेवर पाण्यात कालवायची, छोट्या साच्यात भरायची आणि वजनदार सुई त्यावर टेकवत राहायची. सुईचा ठसा उमटेनासा झाला की घड्याळ बघायचं. माझ्या डाव्या हाताच्या तीन बोटांवर भट्टीचे डाग आहेत. लग्नासाठी बघायला आलेल्या एका पाहुणीनं विचारलं होतं, "हे काय, कोड तर नाही?" ते स्थळ परत फिरकलं नाही. पुढं आलेल्यांना मीच फिरकू दिलं नाही.

कोरड्या साच्यात सगळं छान व्हायचं. अडचण रक्ताची होती. माणसाच्या हाडात लगदा भरला की चारी बाजूंनी रक्त येतं, आणि आवळायच्या आतच लगदा भिजलेल्या मातीच्या ढेकळासारखा सुटतो. कण इकडंतिकडं पांगतात. मग पोकळी पोकळीच राहते आणि वरचं हाड पुन्हा खाली बसतं. माझा विषय हाच होता: रक्तात न सुटणारा लगदा.

त्यासाठी रक्त लागायचं. बकऱ्याचं. पहाटे खाटकाकडून थर्मासात आणायचं, रक्त गोठू नये म्हणून थर्मासात आधीच औषध घालून ठेवायचं. प्रयोगशाळेत आम्ही पाच जण होतो. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे काम तुलाच जमेल. बाकीच्यांच्या घरी चालायचं नाही." बाकीचे खाली बघून हसले. मी थर्मास उचलला.

दीड वर्ष काही चाललं नाही. जिलेटीन घातलं, स्टार्च घातला, नाना प्रकारची रसायनं घातली. लगदा रक्तात घातला की ढगासारखा पसरायचा. मी वाळत चालले होते. सुट्टीत घरी गेले तेव्हा मायनं मला बघून तोंडाला पदर लावला आणि माहेरी, ताडकळसच्या बाजूला, जाऊन स्वतः बाभळीचा डिंक वेचून आणला. लहानपणापासून तिला ते काम येत होतं. उन्हाळ्यात बाभळीच्या सालीवर चिरा पडलेल्या असतात, तिथून तांबूस गोळ्या लोंबतात. तिनं पिशवीभर दिला. "तळून खा, कंबरंत जोर येतो," म्हणाली.

होस्टेलवर तळायची सोय नव्हती. म्हणून मी दोन गोळ्या वाटीत भिजत घातल्या. सकाळी बघितलं तर डिंक फुगून चिकट झाला होता, आणि त्याच्या सालीचा कचरा, मातीचे कण त्यात अडकून बसले होते. मी वाटी हलवली. कण हलले, पण पाण्यात सुटले नाहीत. मी तशीच उभी राहिले. मग ती वाटी घेऊन प्रयोगशाळेत गेले.

डिंक विरघळवला, फडक्यातून गाळला, स्पिरिटात टाकून शुद्ध केला, वाळवून कुटला. पहिल्याच दिवशी लगदा रक्तात टिकला. पण आवळेना. डिंक कणांना वेढून बसायचा, पाणी त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही, सुया उशिरा फुटायच्या. ऑपरेशनच्या टेबलावर कोण दीड तास थांबणार? मग भुकटी आणखी बारीक दळली, म्हणजे लवकर विरघळावी. पाण्यातला क्षार वाढवला. डिंक कमी केला, परत थोडा वाढवला. एका गोष्टीनं वेळ आटोक्यात यायचा तर दुसरीनं ताकद जायची. आठ महिने यात गेले. शेवटी एक दिवस मी सिरिंजमधून लगदा कोमट रक्तात सोडला, ठरलेली मिनिटं मोजली आणि चिमट्यानं उचलला. शेव निघते तशी अख्खी कांडी बाहेर आली. धुतली, सुई टेकवली. ठसा उमटला नाही.

मायला फोन केला. "माय, तुझा डिंक चालला."

"चालनारच," ती म्हणाली. "बाभळीचा हाय." पण दुसऱ्या दिवशी तिनं स्टेशनातल्या सगळ्या ऑफिसात सांगितलं, हे मला पुढं कळलं.

मी सगळं वहीत लिहीत होते. दर शनिवारी सर त्या वहीवर तारीख घालून सही करायचे, तसा नियमच होता. डिंकाच्या पहिल्या पानावरही त्यांची सही आहे. खाली त्यांनी लिहिलंय, "चांगली कल्पना."

त्यानंतर काही महिन्यांनी सरांचा मुलगा आमच्या प्रयोगशाळेत यायला लागला. तो एमएस्सी करत होता. स्वभावानं वाईट नव्हता, मला ताई म्हणायचा. माझ्याकडून तो लगदा कालवायला शिकला, सुई टेकवायला शिकला. मी त्याला मनापासून शिकवलं. पुढं एक दिवस विभागातल्या एका मैत्रिणीनं मला कॉम्प्युटरवर एक पेपर दाखवला. "तुमच्या लॅबचा आलाय. अभिनंदन."

माझ्याच आकृत्या होत्या. रक्तातून काढलेल्या त्या कांडीचा फोटो होता, त्यात कोपऱ्यात माझा अंगठाही दिसत होता. नावं चार होती: सरांच्या मुलाचं पहिलं, सरांचं शेवटचं, मध्ये दोघं बाहेरचे. मी खाली सरकवत गेले. अगदी शेवटी, आभारात, नमुने तयार करायला मदत केल्याबद्दल माझं नाव होतं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, पेपरात माझं नाव राहिलंय."

"राहिलेलं नाही. शेवटी आहे बघ."

"सर, काम माझं आहे. डिंकाची कल्पना माझी आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. आवाज चढवला नाही. "डिंक काय कुणाच्या मालकीचा असतो का, बेटा? झाडाला येतो. लॅब माझी, भट्टी माझी, प्रश्न मी दिला. तू हातानं केलंस, चांगलं केलंस, म्हणून आभार मानलेत." मग चष्मा घालून म्हणाले, "तुझा थिसिस कधी देतेस? माझी सही लागेल ना त्यावर? की भांडत बसायचंय?"

मी उभी होते. निघतानाचं मायचं वाक्य मला आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. आठवलं होतं. पण साडेपाच वर्षं झाली होती, फेलोशिप संपली होती, आणि बिनडिग्रीची घरी परत जाणारी मी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली. "पुढच्या महिन्यात देते, सर," मी म्हणाले, आणि बाहेर येऊन रक्ताचा थर्मास धुवायला घेतला.

डिग्री मिळाली. सरांनी सही केली, शिवाय शाबासकीही दिली. त्या पेपरावर सर विभागप्रमुख झाले, मुलगा परदेशात गेला. पेटंटचा अर्जही केला होता म्हणे, तो कपाटात पडला. पुढं कुणी त्या लगद्याला हात लावला नाही. सशांवर तपासायला हवा होता, मग पुढच्या परवानग्या. ते काम किचकट आणि वेळखाऊ असतं. सरांना त्यातून जे हवं होतं ते आधीच मिळालं होतं.

मी नोकरीसाठी फिरायला लागले. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मुलाखत होती. निवड समितीत बाहेरून आलेले एक विषयतज्ज्ञ होते, पांढऱ्या केसांचे, सज्जन दिसणारे. त्यांनी माझा विषय बघितला आणि खुर्चीत पुढं सरकले.

"अरे वा. या विषयात मधे एक फार सुंदर पेपर आला होता. बाभळीच्या डिंकाचा. वाचलाय का तुम्ही?"

मी म्हणाले, "हो सर."

"मग सांगा बघू, डिंकामुळं आवळायला उशीर का होतो?"

मी सांगितलं. कण कसे वेढले जातात, पाणी कसं अडतं, बारीक दळल्यानं काय होतं, सगळं. ते मान डोलवत राहिले. "छान. तयारी चांगली आहे तुमची. पण त्या तोडीचं स्वतःचं काही काम दाखवता येईल का?"

माझ्याकडं छोटे दोन पेपर होते, सुरुवातीचे, लगदा रक्तात कसा सुटतो याचे. ते मी पुढं ठेवले. त्यांनी चाळले आणि परत दिले. "म्हणजे अडचण तुम्ही मांडलीत, सोडवली त्यांनी," असं ते म्हणाले. चेष्टा नव्हती त्यात, त्यांना खरंच तसं वाटलं होतं. तेव्हा तरी तोंड उघडायचं. मला वाटलं, आता सांगितलं तर रडकी म्हणतील. नमस्कार करून मी बाहेर आले. ती जागा मला मिळाली नाही.

मग सेलू तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. अजूनही तिथंच आहे. पूर्णेहून सेलूपर्यंत रेल्वे, पुढं देवगाव फाट्याच्या बाजूला जाणारी काळी-पिवळी जीप. वर्ष संपलं की आम्हाला सोडून देतात, नवीन वर्ष लागलं की पुन्हा अर्ज. तिथल्या प्रयोगशाळेत भट्टी नाही. नळाला पाणी असलं तर नशीब. मायला मी एवढंच सांगितलं होतं, की जागा निघत नाहीत. पेपराचं सांगितलं नव्हतं.

माय निवृत्त झाली होती. बाजाराच्या दिवशी ताडकळसला जायची, भावाला भेटायची, बाजार करून संध्याकाळच्या आत परत यायची. असंच एकदा बाजाराजवळ बसमधून उतरताना पायरी चुकली आणि ती सगळ्या भारानिशी डाव्या पायावर आली. मामानं फोन केला तेव्हा मी वर्गात होते. परभणीच्या दवाखान्यात पोचले तर ती स्ट्रेचरवर होती, गुडघा मडक्याएवढा सुजलेला.

"लय दुखायलंय का?"

"दुखंल न्हाई तर का," ती म्हणाली. "तुज्या मामाला नेलेले टमाटे बसमधीच राह्यले बघ."

डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावून दाखवला. गुडघ्याच्या खालच्या हाडाचा माथा, ज्यावर सगळा भार येतो, तो एका बाजूनं आत दबला होता. "हा तुकडा खालून उचलायचा," ते म्हणाले. "उचलला की खाली पोकळी राहते. तिच्यात एक मसाला भरतो आम्ही, हाडासारखाच. वरून प्लेट आणि स्क्रू."

मी विचारलं, "कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट?"

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"आहे. पण तुमच्यासारखी नाही."

मी त्यांना सांगितलं, की भरताना जागा जमेल तेवढी कोरडी करा आणि भरल्यावर आवळेपर्यंत पाय हलवू नका. वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "प्रयत्न करतो, मॅडम. पण रक्त थांबतच नाही त्या जागी. हे मटेरियल सुटतं कधीकधी रक्तात. न सुटणारं पुण्या-मुंबईकडं वापरतात म्हणे. आमच्याकडं येतं ते हे."

मी बाहेर बाकावर बसले. आत दोन तास लागले. मला प्रत्येक मिनिट माहीत होतं: आता कालवत असतील, आता भरत असतील, आता थांबले असतील. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून मनातल्या मनात सुई टेकवत होते.

ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, आणि खरंच त्यांनी जीव लावून केलं होतं. पायावर भार न देता दीड महिना काढायचा होता. माय वैतागायची, पण ऐकायची. दीड महिन्यानं पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दिव्यावर लावला. त्यांनी बोट ठेवायच्या आधी मला दिसलं. पोकळीत भरलेला पांढरा भाग अर्धाच उरला होता. उरलेला सांध्याच्या मागं बारीक बारीक ठिपक्यांनी पांगला होता. असे ठिपके मी दीड वर्ष रोज काचेच्या पेल्यात बघितले होते. वरचा तुकडा परत खाली बसला होता.

"वयही आहे, हाड ठिसूळ आहे," डॉक्टर म्हणाले. मग खालच्या आवाजात, "आणि मसाला सुटला. तुम्ही म्हणाला होतात. मला वाईट वाटतं, मॅडम."

त्यांच्यावर रागवायला मला जागाच उरली नाही. पाय थोडा बाहेरच्या बाजूला वाकडा राहणार होता. मांडी घालून बसणं आता नाही.

घरी आल्यावर माय खाटेवर पाय उशीवर ठेवून पडली होती. छताकडं बघत तिनं विचारलं, "तुजं शिमेट का न्हाई भरलं त्यांनी?"

"ते अजून बाहेर आलं नाही, माय."

"आलं न्हाई म्हंजे? चालला म्हनलीस की डिंक."

मी मग सगळं सांगितलं. केबिन, सरांचा मुलगा, आभारातलं नाव, मुलाखत. हेही सांगितलं, की माझा लगदा एवढ्या वर्षांत माणसाच्या हाडापर्यंत पोचला असता की नाही मला माहीत नाही. सशातच फसला असता कदाचित. पण कुणी बघितलंच नाही. मी थांबल्यावर माय म्हणाली, "तुला हे कवा कळलं?"

"डिग्री व्हायच्या आधी."

"मंग?"

"मग काय. सही त्यांच्या हातात होती."

ती कोपरावर उठून बसली. तिला त्रास होत होता, पण मला हात लावू दिला नाही. "माज्या बापानं धर्म बदलल्यावर येसकरकी, गावाची राखनदारी, सोडली. गावानं काम तोडलं, पानी तोडलं. आमी नदीला झरे खंदून पानी प्यालो. पर तो मरंपर्यंत पाटलाच्या दारात हुबा राह्यला न्हाई. अन् तू एका सहीसाठी तोंड शिवून घेतलंस?"

"सही मिळाली नसती तर सगळंच वाया गेलं असतं, माय."

"मंग आता काय राह्यलं?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाणी मागायला शेजारणीला हाक मारायची, मी समोर असताना.

तिसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली आणि वह्या काढल्या. डिंकाची सगळी पानं, सरांच्या तारखेच्या सह्यांसकट, झेरॉक्स केली आणि विद्यापीठाला पत्र लिहिलं. शिवीगाळ केली नाही, रडगाणं गायलं नाही. कोणत्या दिवशी मी काय केलं आणि त्या पानाखाली कुणाची सही आहे, एवढंच लिहिलं. रजिस्टर पोस्टानं पाठवलं. मायला पावती दाखवली. तिनं ती दोन्ही बाजूंनी बघितली आणि उशीखाली ठेवली.

महिन्याभरानं, रविवारी दुपारी, सरांचा फोन आला. मी मायच्या गुडघ्याचा व्यायाम घेत होते. हात तेलाचे होते, म्हणून फोन खाटेवर ठेवून स्पीकर लावला.

"बेटा, कशी आहेस? आई कशी आहे?"

"बरी आहे, सर."

"तुझं पत्र माझ्याकडं आलंय. चौकशी समितीत माझेच लोक आहेत, त्यांनी दाखवलं. मला राग नाही आला. वाईट वाटलं. मुलीसारखं मानलं तुला." मग ते म्हणाले, "ऐक. तुमच्याच भागात एका कॉलेजात पूर्णवेळ जागा निघतेय. विषयतज्ज्ञ म्हणून मी जाणार आहे. तू अर्ज कर. आणि ते पत्र, गैरसमजातून लिहिलं होतं, असं दोन ओळींत कळवून टाक. झालं गेलं विसरू."

मी मायकडं बघितलं नाही. तिचा गुडघा माझ्या हातात होता, आणि तो आखडलेला मला कळत होता. पूर्णवेळ जागा. दरवर्षीचा अर्ज नाही. काळी-पिवळीच्या टपाला धरून उभं राहणं नाही.

"हॅलो? आहेस ना?"

"सर," मी म्हणाले, "पत्र राहू द्या."

"विचार करून सांग."

"राहू द्या, सर." आणि तेलाच्या बोटानं फोन बंद केला. पुस्तकातल्यासारखं काही मला बोलता आलं नाही.

माय म्हणाली, "च्या ठेव." तिनं मला जवळ घेतलं नाही की शाबास म्हटलं नाही. पण चहा झाल्यावर तिनं स्वतःच्या हातानं बशी माझ्याकडं सरकवली.

विद्यापीठाचं उत्तर पाच महिन्यांनी आलं. तक्रार विहित मुदतीनंतर दाखल झाल्यामुळं विचारात घेता येत नाही, असं एका ओळीत. ती जागा भरली गेली. मी अर्ज केला होता, मुलाखतीला बोलावणं आलं नाही. माय आता काठी घेऊन चालते. विहारात सगळ्याजणी सतरंजीवर बसतात, ती मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते आणि कुणी विचारलं तर पाय बसमधून पडून मोडला एवढंच सांगते.

कॉलेजात माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका मॅडमला मी ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "दोन ओळी लिहून दिल्या असत्यास तर आज पर्मनंट असतीस. तसंही पत्राचं काय झालं?" मी म्हटलं, "काहीच नाही." खोटं कशाला बोलू, सेलूच्या स्टेशनवर उन्हात गाडीची वाट बघत उभी असते तेव्हा माझ्याही मनात कधीकधी तेच येतं. हे मायला मी सांगितलेलं नाही.